सटवाईचा लेख

पांचव्या रात्रीं सटवाई बाळाच्या कपाळीं भाग्य लिहिते, ही महाराष्ट्रांतील जुनी समजूत. जंतुदोषानें दगावलेलें अर्भक त्या लेखाच्याच नांवें पडे. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं खेड्यांतील स्त्रियांस धोक्याच्या खुणा ओळखावयास शिकविलें: बाळ दूध ओढीनासें होणें, रडणें क्षीण होणें, अंग गार किंवा तप्त लागणें, छाती आंत ओढली जाणें. अशा दोन खुणा एकत्र दिसल्या कीं उपचार! आईबाप रुग्णालयांत नेण्यास तयार नसल्यास ह्या आरोग्यदूत घरींच जेंटामायसीनचें इंजेक्शन व कोट्रायमोक्साझोलचें औषध देत. १९९५ ते १९९८ ह्या प्रयोगाच्या अखेरच्या वर्षीं ३९ गांवांतील नवजात बालकांचे मृत्यु, इतर ४७ गांवांच्या मानानें, ६२ टक्क्यांनीं घटले. सटवाईचा लेख पुसण्यास एवढी साक्षरता पुरेशी झाली.