शेकोटीभोवतीचे वर्तुळ

श्रोतेहो, उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे घरोघरी एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. शाळेतून शिबिराचे पत्रक येते. मुलगा ते मोठ्या उत्साहाने आईच्या हाती देतो. आणि रात्री जेवणे आटोपल्यावर वडील मंडळींचा खल सुरू होतो. भुईवर निजायचे, डासांकडून फोडून घ्यायचे, करपलेला भात खायचा, आणि वर त्यासाठी पैसेही भरायचे. या सर्व खटाटोपातून मुलाच्या पदरात नेमके पडणार काय? प्रश्न रास्त आहे. मी उभे आयुष्य मास्तरकीत घालविले आणि त्यांतील पुष्कळ वर्षे बालवीरांचे पथक सांभाळले. तेव्हा माझे उत्तर मी अनुभवाने देऊ शकेन. परंतु एकट्याच्या अनुभवाला इतिहासाची जोड मिळाली तर बरी, म्हणून आज आरंभ इतिहासापासून करतो.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात पूल नावाचे बंदर आहे. आपल्या मराठीतील पुलाशी या नावाचा काही संबंध नाही. त्या बंदराच्या आतल्या पाण्यात ब्राउनसी नावाचे एक झाडीने भरलेले बेट आहे. १९०७ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या पहिल्या आठवड्यात या बेटावर २० मुलांचा तळ पडला. तो चालविणारे गृहस्थ होते रॉबर्ट बेडन पॉवेल. हुद्द्याने सेनापती आणि वयाने ५० वर्षांचे. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात मॅफेकिंग या गावाला २१७ दिवस वेढा पडला होता, आणि १९०० च्या मे महिन्यात तो उठला. त्या गावाचा बचाव यांनीच केला होता. वेढ्याच्या काळात गावातील लहान लहान मुलांचे एक दल उभारण्यात आले व निरोप पोहोचविण्याचे काम त्यांच्यावर सोपविण्यात आले. पोरांनी ते चोख बजाविले. मुलावर विश्वासाने काम टाकले म्हणजे तो त्या कामाएवढा मोठा होतो, ही गोष्ट या सेनापतीच्या मनात तेव्हापासून घर करून राहिली होती. तिची परीक्षा पाहण्यासाठी हा तळ होता.

आता या २० मुलांची निवड कशी झाली ते पाहा. कारण सर्व मर्म तेथेच आहे. सुमारे निम्मी मुले ईटन, हॅरो यांसारख्या धनिकांच्या शाळांतील होती. उरलेली बोर्नमथ व पूल येथील बॉईज ब्रिगेड या संस्थेतील, म्हणजे कष्टकऱ्यांच्या व साध्या घरांतील. धनिकांच्या मुलांना शुल्क एक पौंड, म्हणजे २० शिलिंग होते. इतरांना साडेतीन शिलिंग. त्या काळच्या इंग्लंडात ही दोन प्रकारची मुले एका बाकावर बसण्याचा संभव नव्हता. त्यांची बोलण्याची ढब निराळी, कपडे निराळे, पुढे वाट्याला येणारे आयुष्यही निराळे. या मुलांचे चार संघ पाडण्यात आले: लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू नावाचा पाणपक्षी अशी त्यांची नावे. प्रत्येक संघात दोन्ही प्रकारची मुले मिसळली होती. खांद्यावर संघाच्या रंगाची लोकरीची फीत लावलेली; तेवढीच काय ती ओळख. सरदाराचा मुलगा आणि मजुराचा मुलगा दोघेही आता लांडगे झाले.

सकाळी कुडू नावाच्या आफ्रिकी हरणाच्या शिंगाचा नाद होई आणि तळ जागा होई. दिवसभर माग काढणे, निरीक्षण करणे, गाठी मारणे, बुडत्याला वाचविणे असे शिक्षण चाले. रात्री शेकोटीभोवती सर्व जण वर्तुळ करून बसत व गोष्टी ऐकत. परंतु मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती रात्रीच्या पहाऱ्याची पद्धत. दर रात्री एका संघाची पाळी असे. त्या संघाने पीठ, बटाटे, मांस व चहा असा कोरडा शिधा, घोंगड्या, भांडी व काड्यांची पेटी घेऊन तळापासून दूर नेमून दिलेल्या जागी जायचे. स्वतः चूल पेटवायची, स्वतः रांधायचे, आणि आळीपाळीने पहारा करीत रात्र काढायची. मोठे माणूस जवळ नाही. चूक झाली तर उपास घडणार, आणि झोप लागली तर सोबत्यांची नाचक्की होणार!

श्रोतेहो, मुलाच्या मनात त्या रात्री काय घडत असेल याची कल्पना करा. घरी त्याचे लाड होतात किंवा त्याला बोलणी बसतात. शाळेत तो हुशार ठरतो किंवा ढ ठरतो. दोन्हीकडे त्याच्याविषयी निर्णय इतरांनी आधीच देऊन टाकलेला असतो. पहाऱ्यावर मात्र चार मुले त्याच्या भरवशावर डोळे मिटतात. आपल्या जागेपणावर दुसऱ्याची झोप अवलंबून आहे, हे ज्याला एकदा कळले, तो त्या चौघांचा कायमचा होतो. आपलेपणा उपदेशाने येत नाही. दुसऱ्याला आपली गरज आहे, या प्रत्ययाने तो येतो. ब्राउनसीच्या त्या आठवड्यातून निघालेला मुख्य धडा मला तरी हाच दिसतो.

पुढच्याच वर्षी, १९०८ च्या जानेवारीपासून, बेडन पॉवेल यांचे ‘स्काउटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक पाक्षिक भागांनी प्रसिद्ध होऊ लागले, आणि गावोगावची मुले कोणाची वाट न पाहता आपापले संघ काढू लागली. १९०९ च्या सप्टेंबरात लंडनमधील क्रिस्टल पॅलेस येथे बालवीरांचा मोठा मेळावा भरला. त्यात काही मुलीही आपण होऊन गणवेश घालून हजर झाल्या आणि आम्हांलाही घ्या म्हणून हटून बसल्या! पुढील वर्षी मुलींसाठी गर्ल गाईड्स ही संघटना निघाली. शेकोटीच्या वर्तुळात बाहेरच्यांनी जागा मागावी आणि आतल्यांनी थोडे सरकून ती द्यावी, असा हा पहिला प्रसंग होय.

परंतु सर्वांनाच जागा इतक्या सुखाने मिळाली नाही. ही चळवळ १९०९ साली हिंदुस्थानात, बंगळूरला, येऊन पोहोचली. मात्र तिचे दार केवळ युरोपियन व अँग्लो इंडियन मुलांना उघडे होते. भारतीय मुलांना तेथे प्रवेश नव्हता. या मुलांना माग काढणे, नकाशे वाचणे, शिस्तीने संचलन करणे शिकविले तर उद्या ती क्रांतिकारक निघतील, अशी धास्ती सरकारास वाटत होती. ज्या चळवळीने ईटनच्या व मजुराच्या मुलाला एका चुलीपाशी बसविले, तिने येथे कातडीचा रंग पाहून दार लावून घ्यावे, हा इतिहासातील एक कटू विनोदच म्हटला पाहिजे.

आपली माणसे दाराशी रडत बसली नाहीत. १९१३ साली शहाजहानपूर येथे श्रीराम वाजपेयी यांनी भारतीय मुलांचे पथक उभे केले. १९१६ साली मद्रासेत ॲनी बेझंट यांनी इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशन काढली. पाठोपाठ अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व वाजपेयी यांनी सेवा समितीची बालवीर संघटना स्थापिली. यांतील कुंझरू हे आपल्या पुण्याशी बांधलेले. नामदार गोखले यांनी १९०५ साली स्थापिलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे ते आजीव सेवक, आणि पुढे दीर्घकाळ तिचे अध्यक्ष. स्वतःची शेकोटी पेटलेली पाहिल्यावर मोठ्या शेकोटीचे दारही हलले. १९२१ साली बेडन पॉवेल हिंदुस्थानात आले आणि भारतीय मुलांना प्रवेश मिळाला. बेझंटबाईंची संघटना त्यांत मिळाली; सेवा समितीची बाहेरच राहिली. १९३८ साली पुन्हा फाटाफूट होऊन हिंदुस्थान स्काउट असोसिएशन निराळी झाली. सरतेशेवटी देश स्वतंत्र झाल्यावर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, हे सारे प्रवाह एकत्र आले व भारत स्काउट्स अँड गाईड्स ही संस्था जन्मास आली. पुढच्या वर्षी मुलींची संघटनाही तीत सामील झाली. शेकोटीभोवती सर्वांनी एका वर्तुळात बसावे, एवढ्यासाठी या देशाला ४१ वर्षे लागली!

आणि परक्यांनी लावलेले दार उघडले म्हणजे आपले काम संपले, असेही नाही. आपल्याकडची खरी भिंत पंगतीत असते. कोणाच्या शेजारी बसायचे, कोणाच्या हातचे खायचे, यावर आपण शतकानुशतके माणसे तोडली. म्हणून महाराष्ट्रातील ज्या शिबिरांनी स्वयंपाक व पंगत यांनाच हात घातला, त्यांची योग्यता मी फार मानतो. १९४१ साली एस. एम. जोशी प्रभृतींनी उभारलेल्या राष्ट्र सेवा दलाने जात न विचारता मुलामुलींना एकत्र आणले. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी श्रमसंस्कार छावणी भरविली. तेथे शहरातील तरुण कुष्ठरोगमुक्त बांधवांच्या खांद्याला खांदा लावून राबले आणि त्यांच्या हातचे जेवले. त्या एका घासाने जे शिक्षण होते, ते पाठ्यपुस्तकाच्या शंभर पानांनी होत नाही.

हे सगळे मला वाचून ठाऊक होते, तरीही माझ्या हातून एक चूक घडली. ती सांगून मग आपली रजा घेतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी गावाबाहेर तीन दिवसांचे शिबिर नेले होते. ‘अ’ तुकडीच्या मुलांना आपले सोबती सोडवेनात. त्यांच्या पालकांचीही तशीच इच्छा दिसली. आणि मी, कटकट नको म्हणून, तुकडीवार संघ पाडले. त्यामुळे गरिबाघरची सारी मुले आपोआप शेवटच्या संघात पडली. त्यांत वीटभट्टीवरच्या कामगाराचा एक मुलगा होता. वर्गात तो कधी तोंड उघडीत नसे. ‘अ’ तुकडीतील एका मुलाजवळ आईने बांधून दिलेला दशम्यांचा डबा होता. कोणाच्याही हातचे खाऊ नकोस, अशी त्याला घरून ताकीद होती.

दुसऱ्या रात्री अवकाळी पाऊस कोसळला आणि सर्पण भिजले. हुशार मुलांची चूल काही केल्या पेटेना. शेवटच्या संघाची चूल मात्र धडधडून पेटलेली! जाऊन पाहतो तो त्या अबोल मुलाने ओली लाकडे फोडून आतला कोरडा गाभा काढला होता, आणि चार गोवऱ्या संध्याकाळीच आभाळ पाहून ताडपत्रीखाली दडविल्या होत्या. मी हुशार मुलांना विस्तव मागून आणण्यास सांगितले. ती मान खाली घालून उभी राहिली. तो मुलगाच म्हणाला, “गुरुजी, मीच जातो. विस्तव वाऱ्यात सांभाळावा लागतो, त्यांना नाही जमायचं.” त्याने त्यांची चूल पेटवून दिली. मुलांनी जेवायला थांब म्हटले, तेव्हा तो म्हणाला, “नको, आमची पोरं खोळंबली असतील.”

‘आमची पोरं’ हे शब्द मला लागले. त्याला आपली माणसे मिळाली होती. परंतु त्या दोन चुलींमधली भिंत मी, त्याच्या गुरुजीने, घातली होती. सकाळी उठताच सर्व संघ मोडले आणि चिठ्ठ्या टाकून नवे पाडले. दुपारी पंगत एकच बसली, आणि वाढप त्या मुलाकडे होते. दशम्यांच्या डब्याचे पुढे काय झाले, हे मी मुद्दामच विचारले नाही.

तीन दिवसांत जग पालटले असे मी म्हणणार नाही. तो मुलगा पुढे दहावीला अडखळला व कामाला लागला. परंतु शाळा पुन्हा भरली तेव्हा हजेरीत त्याचा ‘हजर’ शेवटच्या बाकापासून माझ्या टेबलापर्यंत स्वच्छ ऐकू आला. आणि त्या ‘अ’ तुकडीतले, आज मोठ्या हुद्द्यावर असलेले दोघे जण रस्त्यात भेटले म्हणजे त्याला नावाने हाक मारून थांबतात. मास्तराला याहून मोठे वेतन कोणते?

तेव्हा, श्रोतेहो, यंदा आपल्या घरी शिबिराचे पत्रक आले, तर तंबू कसले आहेत आणि जेवायला काय आहे हे अवश्य विचारा. पण त्याआधी दोन प्रश्न विचारा. माझ्या मुलावर तेथे काही खरे काम सोपविले जाणार आहे काय? आणि त्याच्या शेजारी पंगतीला कोण बसणार आहे? पहिल्याचे उत्तर ‘होय’ असेल आणि दुसऱ्याचे ‘कोणीही’ असे असेल, तर निःशंक मनाने त्याची वळकटी बांधा. भात करपलेला असला तरी चालेल.