काळे दात, पांढरे दात

पिंपरी-चिंचवडच्या हमरस्त्यावर आज दात पांढरे करून देणाऱ्या दवाखान्यांच्या पाट्या दिसतात. याच पुणे मुलखात, पेशवाईत व पुढेही बराच काळ, सवाष्णी मुद्दाम दात काळे करीत, असे सांगितले तर घरातल्या नव्या सुना हसतील! पण ते सौभाग्याचे लेणे होते. नवरा गेला की कुंकवाबरोबर दातवणही सुटे.

हे दातवण म्हणजे मायफळ, हिरडा, हिराकस यांची पूड. तुरट फळांचा अर्क आणि हिराकशीतले लोखंड एकत्र आले की शाई होते. तीच दातांवर बसे. जपानातही ही चाल होती. तेथे १८७० साली सरकारने सरदार घराण्यांना तिची बंदी केली.

शुभ्र दातांची हौस मात्र महागात पडे. विटेच्या चुऱ्याने, कोळशाने घासून दाताचे कवच झिजे. या कवचात शेकडा सुमारे ९६ भाग खनिज. ते घडवणाऱ्या पेशी दात उगवताच संपतात. झिजले ते गेलेच. लिंबू चोळणाऱ्यांनीही हे ऐकावे, आंबट रस कवच विरघळवतो.

डॉक्टर घासत नाहीत, हायड्रोजन पेरॉक्साइड लावतात. ते कवचातून आतल्या पिवळसर भागात झिरपते आणि रंगद्रव्ये फोडते. कवचाचा कठीणपणा किंचित उतरतो, पण लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट तो बहुतांशी भरून काढतात. थंड पाण्याने ठणका लागतो, तोही बहुधा थोडे दिवस. दात किडका असेल तर मात्र औषध थेट आत शिरते. म्हणून जाणता डॉक्टर आधी कीड काढतो, रंगाचे मग बघतो.