पायाखालची वायर

जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते. बाहेरगावचे लोक तिला यात्रा म्हणतात, सोलापूरकर ‘गड्डा’ म्हणतात. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त, सात उंच नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, संमती कट्ट्यावरच्या अक्षता, हे सगळं पाहताना माणसाची मान वर असते. होम मैदानावर आलं तरी ती वरच राहते, कारण तिथे आकाशपाळणे असतात, दिव्यांच्या माळा असतात. आज मी तुम्हाला जरा खाली बघायला सांगणार आहे. एवढ्या दिव्यांना, पाळण्यांना आणि कर्ण्यांना वीज पोचवणाऱ्या वायरी जातात कुठून? आणि त्यांच्यावरून चालणारी माणसं, ज्यांतली कित्येक अनवाणी असतात, ती कशाच्या भरवशावर चालतात?

मोठ्या शहरांतल्या प्रदर्शनांत याचं एक उत्तर आता पाहायला मिळतं. जमिनीवर प्लास्टिकचे चौकोन बसवलेले असतात. एकाच्या कडेला कड्या, दुसऱ्याच्या कडेला आकडे. टाचेनं दाबलं की एकात एक अडकतात. ना खिळा, ना सिमेंट. चौकोन खालून पोकळ असतो. त्या पोकळीत वायरीसाठी मुद्दाम खाचा ठेवलेल्या असतात आणि काही ठिकाणी वर उघडझाक करता येईल असं झाकण असतं. चार दिवसांनी सगळं उचलून ट्रकमध्ये घातलं की खालची माती जशीच्या तशी. या वस्तूला मराठीत अजून धड नाव मिळालेलं नाही. कुणी मॅट म्हणतं, कुणी टाइल, कुणी नुसतंच फ्लोअरिंग. वस्तू नवी आहे, पण तिच्यात ज्या तीन कल्पना एकत्र आल्या आहेत त्या जुन्या आहेत. त्यातल्या दोन तर आपल्या पेठेतच होत्या.

पहिली कल्पना अडकवण्याची. दुकानांना लोखंडी शटर येण्यापूर्वी फळ्या असत. वर आणि खाली लाकडात कोरलेली खाच, त्या खाचेतून एकेक फळी सरकवायची, शेवटच्या फळीवर आडवी पट्टी आणि कुलूप. प्रत्येक फळीवर आकडा टाकलेला असे, कारण तिसरी फळी पाचवीच्या जागी बसत नसे. सकाळी उघडताना फळ्या उतरवून भिंतीशी उभ्या केल्या की भिंतीचं दुकान झालं. आजचे चौकोन या फळ्यांच्या एक पाऊल पुढे आहेत ते एवढ्याचसाठी की त्यांना आकडा लागत नाही. कुठलाही चौकोन कुठेही बसतो.

दुसरी कल्पना जमिनीखालच्या पोकळीची. सोलापुरात पद्मशाली विणकरांनी वस्ती केली, आणि हातमागाच्या जुन्या घरांत खड्डामाग होता. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पावड्या दाबत वरचं कापड विणतो. पाहुण्याला वर फक्त माणूस आणि कापड दिसतं, यंत्राचं अर्धं अंग जमिनीच्या पोटात. गटारांचंही तसंच. बोळातल्या गटारावर शहाबादी फरशी टाकलेली असते, आणि ती उचलता यावी म्हणून चुन्यात पक्की बसवत नाहीत. (पक्की बसवली की पहिल्याच पावसाळ्यात त्याचं फळ मिळतं, ते सांगायला इतिहासकार नको.)

तिसरी गोष्ट म्हणजे वायर. ती मात्र बाहेरून आली, आणि तिच्यामुळेच सगळा घोळ सुरू झाला.

वायर येण्यापूर्वी तात्पुरत्या जमिनीला लपवण्यासारखं काही नव्हतं. कीर्तनाला जाजम, बैठकीला सतरंजी, लग्नाला मांडवाखाली सारवलेली जमीन. नाटक मंडळ्या गावोगाव फिरत तेव्हा फळ्यांचा रंगमंच उभा करीत. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली, तिच्या रंगमंचावर खरेखुरे उंची गालिचे अंथरले जात, आणि ते प्रेक्षकांना दिसावेत हाच हेतू असे. तमाशाचा फड आधी मशाली-हिलालांच्या आणि मग गॅसबत्तीच्या उजेडात रंगायचा. गॅसबत्तीचा मोठा गुण असा की तिला जे लागतं ते तिच्या पोटात असतं. ती वर टांगली की पायाखाली काही येत नाही. नाचणारीच्या पायाला खिळा लागू नये एवढीच काय ती बोर्डाची काळजी. आपल्या जिल्ह्यात अकलूजला १९९३ साली लावणी स्पर्धा सुरू झाली. ती पाहिलेल्यांना माहीत आहे की लावणीला नुसती सपाट जागा पुरत नाही, फळी लागते. पोकळ फळीवर अनवाणी पाय पडला की घुंगरांचा आवाज उठून येतो. म्हणजे बोर्ड हेसुद्धा एक वाद्यच.

मग माईक आला. माझ्या मते मांडवाच्या इतिहासातली मोठी घटना विजेचा दिवा नाही, माईक आहे. दिव्याची वायर छतावरून, खांबावरून नेता येते. माईक मात्र माणसांच्या मधोमध उभा राहतो आणि त्याची वायर जमिनीवरूनच यावी लागते. ती वक्त्याच्या पायात येते, हार घालायला आलेल्याच्या पायात येते. त्यावर उपाय तयारच होता, तो म्हणजे जाजम. वायरीवर जाजम ओढलं की स्टेज स्वच्छ दिसतं. पाहुणा अडखळला तर दोष पाहुण्याचा.

लपवणं आणि सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे इथे नजरेआड झालं. जाजम पहिलं काम करतं, दुसरं करत नाही. वीज वाहते तेव्हा वायर थोडी तापते. उघड्यावरच्या वायरीची ती ऊब हवेत जाते. तीच वायर गालिच्याखाली दाबली, चारपाच वायरींचा जुडगा करून दाबली, वर खुर्च्यांचे पाय रोवले, तर ऊब आतच साठते आणि आवरण मऊ पडत जातं. खुर्चीच्या पायाखाली वायर रोज त्याच जागी चेंगरते. वरून मात्र सगळं छान दिसत राहतं. उघडी वायर निदान घाबरवते तरी.

रंगमंचाच्या पोटाकडे पहिल्यांदा गंभीरपणे पाहिलं ते नाटकवाल्यांनी. जपानमध्ये काबुकी नाटकासाठी नामिकी शोझो या नाटककारानं १७५८ साली ओसाकाला फिरता रंगमंच वापरात आणला. तो खालच्या तळघरातून माणसं फिरवत. त्या तळघराला जपानीत ‘नाराकु’ म्हणतात आणि हा शब्द बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेला आपला ‘नरक’च आहे. अंधारात घाम गाळणाऱ्यांना तो शब्द अगदी पटला असणार. युरोपात १८९६ साली म्युनिकला लाउटेनश्लेगर यानं असा रंगमंच केला. हे दोन्ही पक्क्या नाट्यगृहांतले. आपल्याकडे अडचण वेगळी होती. मराठी नाटकाला स्वतःचं घर नव्हतं, त्याला बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरायचं होतं. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग झाला. लेखक आचार्य अत्रे, दिग्दर्शक मो. ग. रांगणेकर, आणि निपाणीच्या लखोबा लोखंडेसह पाच रूपांत प्रभाकर पणशीकर. खटला कोर्टात चालतो आणि साक्षीगणिक कथा मागे जाते. पडदा पाडून देखावा बदलत बसलं तर खटल्याची धार जाते, म्हणून फिरता रंगमंच. आणि तो सुटा करून गावोगाव नेता येणारा. एका गावातून उतरवायचा, दुसऱ्या गावात जोडायचा, आणि जोड असा बसला पाहिजे की वर उभ्या असलेल्या नटाला सांधा पायाला लागू नये. तात्पुरत्या जमिनीची याहून कडक परीक्षा मला माहीत नाही.

राहिली तिसरी कल्पना, उघडण्याची. ती आली संगणकाच्या खोलीतून, आणि गंमत अशी की तिचा धागा सोलापूरच्या चादरीपर्यंत ओढता येतो. ज्या चादरीला २००५ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, तिची नक्षी जॅकार्डवर निघते. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४च्या सुमारास केलेली ही युक्ती आहे. पुठ्ठ्याच्या पट्टीवर भोकं पाडायची. जिथे भोक तिथे धागा उचलला जातो, जिथे नाही तिथे राहतो. भोकं पाडलेल्या पत्त्यांची हीच कल्पना वापरून हर्मन हॉलरिथनं १८९०च्या अमेरिकन खानेसुमारीची मोजदाद केली. त्याची कंपनी पुढे ज्या मोठ्या कंपनीत सामील झाली तिचं १९२४ पासूनचं नाव आयबीएम. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक सुरू झाला आणि १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० हे परदेशी यंत्र आलं.

त्या पिढीतले संगणक खोलीभर पसरलेले असत आणि एका कपाटातून दुसऱ्या कपाटात मनगटाएवढ्या जाड केबली जात. त्या टाकायच्या कुठे? उत्तर निघालं ते खोट्या जमिनीचं. लोखंडी पायांवर साधारण दोन फुटांचे चौकोन, खाली केबली, त्याच पोकळीतून यंत्राला थंड हवा. आणि मुख्य म्हणजे कुठलाही चौकोन, शेजारच्याला न हलवता, एकट्याला उचलता येतो. बिघाड कुठे आहे ते जमीन उघडून बघता येतं. गटारावरच्या सुट्या फरशीचंच हे शिकलेलं भावंड.

प्रदर्शनातला प्लास्टिकचा चौकोन हा या तिघांचा वारस आहे. फळीसारखा अडकतो, खड्डामागासारखा पोटात जागा ठेवतो आणि संगणकाच्या खोलीसारखा उघडतो. निदान उघडावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो उघडू नये अशी व्यवस्था आपण करतो. वर गालिचा चिकटवतो, त्यावर दुकानाचं कपाट ठेवतो, आणि झाकण नेमकं त्या कपाटाखाली येतं.

हे सगळं एवढ्या तपशिलानं सांगतो आहे त्याला कारण आहे. १४ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबईत गिरगाव चौपाटीवर ‘मेक इन इंडिया’ सप्ताहातली ‘महाराष्ट्र रजनी’ चालू होती. रंगमंचावर लावणी सुरू असताना खालच्या बाजूनं ज्वाळा दिसल्या आणि समुद्रावरच्या वाऱ्यात तो भव्य मंच पाहता पाहता पेटला. कलाकार आणि प्रेक्षक वेळेत बाहेर काढले गेले, कुणाचा जीव गेला नाही. आग खालून आली. वर इतके दिवे, इतके कॅमेरे, इतक्या नजरा, आणि खालच्या अंधाराकडे कुणाची नजर नव्हती. त्याआधी, २३ डिसेंबर १९९५ रोजी, हरयाणातल्या डबवाली गावी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या मांडवाला आग लागली आणि चारशेहून अधिक माणसं गेली, त्यांत मुलं पुष्कळ होती. तिथे वरचं कृत्रिम धाग्याचं कापड पेटत खाली आलं. दोन्ही ठिकाणी मांडव तात्पुरता होता. ‘तात्पुरता’ या शब्दात एक सवलत दडलेली असते. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, असं आपण म्हणतो. आग चार दिवस थांबत नाही.

भारतीय मानक ब्युरोचं मांडवांच्या आगप्रतिबंधाविषयी मानक आहे, आयएस ८७५८. गळती ओळखून वीज तोडणारी पेटी मिळते, ती ३० मिलिअँपिअरवरच वीज तोडते, म्हणजे अनवाणी माणसाला धक्का बसला तरी तो बहुधा वाचतो. या गोष्टी महाग राहिलेल्या नाहीत. प्लास्टिकचे चौकोन महाग आहेत, आणि तालुक्याच्या गावच्या मंडपवाल्यानं ते घ्यावेत असं मी म्हणणारही नाही. होम मैदानावर मॅटिंगचा विषय निघाला तो धुळीवरून, आणि धूळ ही गड्ड्यातली खरीच तक्रार आहे. पण मॅटिंग टाकणाऱ्याला एक प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत: याच्याखालून काय जातंय, आणि ते बघायचं झालं तर कुठून उचलायचं?

या प्रश्नाचं उत्तर कुणा एकाकडे नसतं, कारण काम तिघांत वाटलेलं असतं. मंडपवाला खांब रोवतो आणि जातो. विजेचा ठेकेदार येऊन वायरी टाकतो. मग खाली अंथरणारी माणसं येतात आणि वायरींवर जमीन घालतात. वायरीची जागा वीजवाल्याला माहीत, ती झाकली गेल्यावर मात्र त्याला तिथे पोचता येत नाही. आणि अंथरणाऱ्याला कळत नाही की आपण कुठला जोड दाबून टाकला. नीट काम करणारे लोक अंथरण्यापूर्वी सगळा भार चालू करून तासभर ठेवतात, जोडांना हात लावून बघतात, आणि वायर ज्या रेषेतून जाते तिथे वर खडूनं खूण करतात. खडूची खूण उद्घाटनाच्या फोटोत वाईट दिसते म्हणून ती पुसायला सांगितली जाते. उतरवताना क्रम उलटा. आधी वीज बंद, मग झाकणं, मग वायरी, शेवटी चौकोन. रात्री दोन वाजता दमलेली पोरं हा क्रम मोडतात आणि चालू वायरीवरचे चौकोन ओढू लागतात, कारण सकाळी ट्रक पुढच्या गावी पोचायचा असतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)