एका थपडेचा भाव

आमच्या कसबा बावड्यात ऊस, पैलवान आणि दावे ही तिन्ही पिकं पहिल्यापासून जोमात. पंचगंगेच्या पाण्याचा गुणच असा की ते प्यायलेला माणूस तालमीत तरी जातो, नाहीतर कोर्टात. आता तर जिल्हा न्यायसंकुलच बावडा रस्त्यावर आलंय आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात बसू लागलंय. आमचे तात्या आज असते तर भाकरी फडक्यात बांधून रोज तिथं जाऊन बसले असते. कारण बांधासाठी, विहिरीसाठी, झालंच तर शेजाऱ्याच्या कोंबडीसाठी कोर्टात गेलेले आमच्या भावकीत पुष्कळ. पण नुसत्या थपडेसाठी गेलेले तात्या एकटेच.

तात्या म्हणजे माझे चुलते. मुंबईला व्हिक्टोरिया गोदीत हमाल होते. १९६१ साली पाठीवरचं एक पोतं निसटून फुटलं आणि कुठल्याशा कंपनीच्या साहेबानं टोळीतल्या सगळ्यांसमोर त्यांच्या कानाखाली वाजवली. साहेब आपलाच, काळा. गोरे जाऊन चौदा वर्षं झाली होती. मुकादम म्हणाला, "गिळ रं, पोटाचा प्रश्न हाय." पण ज्या माणसाला आमची आजी कधी औषध गिळायला लावू शकली नाही, तो थप्पड कसली गिळतोय!

तात्या चौकीवर गेले. हवालदारानं वहीत लिहून घेतलं आणि सांगितलं की गुन्हा अदखलपात्र आहे, तुमचं तुम्ही मॅजिस्ट्रेटकडे जा. हा 'अदखलपात्र' शब्द तात्यांच्या जिभेवर जन्मभर राहिला. पुढं घरात भाजी खारट झाली तरी ते म्हणायचे, "अदखलपात्र हाय, खावा." कोर्टात सात तारखा पडल्या. प्रत्येक तारखेला रोजगाराचा खाडा. शेवटी कलम ३२३ खाली साहेबाला पंचवीस रुपये दंड झाला. साहेबानं तो तिथल्या तिथं पाकिटातून काढून दिला. तात्यांनी हात पुढं केला, तर कारकून म्हणाला, "हे तुमचं नाही, सरकारचं."

"मारलं मला आन् पैसं सरकारला? सरकारच्या कुठं लागलंतं?" हा प्रश्न तात्यांनी गावी आल्यावर पारावर, देवळात, गुऱ्हाळावर, जमेल तिथं विचारला. मी पुढं मास्तर झालो आणि थोडाफार इतिहास चाळायला लागलो, तेव्हा त्यांनी तो माझ्याकडे कायमचा वर्ग केला. म्हणाले, "तू बुकं वाचतोस न्हवं? मग बघ, आधीच्या काळात हमालाला मारलं तर काय हुतं."

मी बघायला लागलो. आमच्या धर्मशास्त्रात मारहाणीला 'दंडपारुष्य' असं भारदस्त नाव आहे. तात्यांना ते फार आवडलं. "म्हंजे माज्यावर दंडपारुष्य झालं," असं ते दोनतीन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. याज्ञवल्क्यस्मृतीत याचा दरपत्रकच आहे. अंगावर राख, चिखल किंवा धूळ उडवली तर दंड दहा पण. थुंकी उडवली किंवा टाच लावली तर दुप्पट. हे मी मोठ्या कौतुकानं सांगत होतो. पण पुढची अट अशी की हा भाव बरोबरीच्या माणसाचा. समोरचा वरचा असेल तर दुप्पट, खालचा असेल तर निम्मा.

"निम्मा?" तात्या म्हणाले. "मग मी पाच पणात?"

या स्मृतीवरची 'मिताक्षरा' टीका विज्ञानेश्वरानं लिहिली ती चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळी, म्हणजे १०७६ ते ११२६ च्या दरम्यान, कल्याणीला. कोल्हापूरचे शिलाहार तेव्हा त्याच चालुक्यांचे मांडलिक. म्हणजे प्रकरण अगदीच परक्या मुलखातलं नव्हतं.

मग मराठ्यांचा काळ काढला. तिथली भाषा ऐकून तात्या खूश झाले. फिर्यादीला अग्रवादी, दुसऱ्याला पश्चिमवादी. दोघांनी जामीन द्यायचे, निवाडा मान्य राहील असं लिहून द्यायचं, मग गोतसभेपुढं पाटील, देशमुख, बलुतेदार बसणार. पुरावा जमला नाही तर दिव्य. त्यातलं रवादिव्य म्हणजे उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा हातानं बाहेर काढायचा. मग हात पिशवीत घालून वर मोहोर करायची आणि पुढं पिशवी उघडून हात पोळलाय का ते पंचांनी बघायचं. आम्हां कोल्हापूरकरांना रवा म्हटलं की गुळाचाच आठवतो, त्यामुळे तात्यांना आधी ही शिक्षा नसून बक्षीसच वाटलं. अर्थात वतनासाठी माणसं हात भाजून घ्यायची, हमालाच्या थपडेसाठी कोण तेल तापवतो? तिथं हरणाऱ्याकडून सरकार 'गुन्हेगारी' म्हणजे दंड वसूल करायचं.

"आन् जिंकणाऱ्याला?"

इथं मी जरा घुटमळलो. जिंकणाऱ्यानं सरकारला 'हरकी' द्यायची. न्याय मिळाल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ.

तात्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा असा समज झाला असावा की ही माझीच कल्पना आहे.

इंग्रजांचं तरी काही बरं निघेल म्हणून मी पुढं गेलो. मेकॉलेनं १८३७ साली मसुदा केलेलं दंडविधान १८६० साली मंजूर झालं आणि १८६२ पासून लागू झालं. त्यात ब्राह्मण-शूद्र असा भाव नाही. दुखापत म्हणजे दुखापत, एक वर्षापर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. कागद उत्तम होता. मग मला फुलर सापडला. हा आग्र्याचा गोरा वकील. १८७५ सालच्या एका रविवारी त्याला सहकुटुंब चर्चला जायचं होतं आणि गाडी वेळेवर दारात नव्हती. त्यानं कटवारू नावाच्या मोतद्दाराला तोंडावर मारलं आणि केस धरून ओढलं. माणूस पडला, उठला, शेजारच्या आवारात गेला आणि तिथं मेला. डॉक्टरांनी सांगितलं, प्लीहा आधीच वाढलेली होती, ती फुटली. मॅजिस्ट्रेट लीड्स यानं तीस रुपये दंड केला आणि तो मेलेल्याच्या बायकोला द्यायला सांगितला. कलम? तेच, ३२३. १८७६ साली व्हाइसरॉय लिटननं यावर कडक शेरा मारला, तर देशभरचे गोरे लिटनवरच उलटले. त्या काळात देशी माणसाची प्लीहा फार नाजूक झाली होती. साहेबाचा हात मात्र शाबूत.

"तीस," तात्या म्हणाले. "मला पंचवीस. पंच्याऐंशी वर्षांत भाव उतरला की." पण हे ते हसून म्हणाले नाहीत.

आणि मग मला आमच्याच गावचं सांगावं लागलं. बावड्याच्या शिवेवर नवा राजवाडा आहे. त्या गादीवर १८७१ साली दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज. वेडे ठरवून त्यांना नजरकैदेत ठेवलं होतं. त्यांचा छळ होतो असं केसरी-मराठ्यात आलं, तेव्हा दिवाण बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. छापलेली पत्रं बनावट निघाली आणि टिळक-आगरकरांना १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले एकशे एक दिवस त्यांनी डोंगरीला काढले. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात ग्रीन नावाच्या पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि वीस वर्षांचे महाराज गेले. कारण पुन्हा प्लीहा. बर्व्यांच्या अब्रूसाठी दोन माणसं तुरुंगात गेली. ग्रीनला शिक्षा झाली नाही.

"किती दंड?" तात्यांनी विचारलं.

"काहीच नाही."

"महाराजांना मारलं तरी?"

"हो."

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. खालून कारखान्याकडं उसाच्या गाड्या चालल्या होत्या. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "त्या मोतद्दाराचं नाव काय म्हनालास?"

"कटवारू."

"शंभर वर्सं झाली तरी तुला कसं ठावं?"

मी म्हटलं, कोर्टात गेलं ना प्रकरण, कागदावर राहिलं.

"मग मुंबईच्या कागदात माजंबी असंल?"

"असेल की. फिर्यादी म्हणून."

"पुरं नाव?"

"पुरं. बापाच्या नावासकट."

"मग सात खाडं झालं ते झालं," तात्या म्हणाले, आणि चुन्याची डबी शोधायला लागले.