अमूर्त पाण्याच्या बाजूने

छायाचित्रांच्या प्रदर्शनात काठ नसलेल्या, क्षितिज नसलेल्या, नुसत्या रेषा आणि रंग दिसणाऱ्या पाण्याचा फोटो लागला की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. ‘छान आहे, दिवाणखान्यात शोभेल,’ ही एक. ‘पण यात शहर कुठे आहे?’ ही दुसरी. पहिली दाद, दुसरा आक्षेप. पण दोन्हींच्या मुळाशी समज एकच. चौकटीतून काठ, होडी, इमारत आणि माणूस वगळला की वास्तवही गेलं, उरली ती सजावट. फोटो-क्लबचे परीक्षक, वृत्तछायाचित्रकार आणि कलासमीक्षक यांचं एरवी फारसं जमत नाही. या मुद्द्यावर मात्र त्यांचं एकमत असतं. ते एकमत चुकीचं आहे आणि त्यापायी एका गंभीर छायाचित्रप्रकाराची आपल्याकडे आबाळ झाली आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी पूर्वपक्ष मांडतो, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. त्यातला सर्वांत वजनदार युक्तिवाद वाल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंताचा. 1928 साली आल्बर्ट रेंगर-पाट्झ्श या जर्मन छायाचित्रकाराचं ‘जग सुंदर आहे’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक निघालं. 1934 सालच्या एका निबंधात बेंजामिनने त्यावर हल्ला चढवला. गरिबांची चाळ असो की कचऱ्याचा ढीग, असा कॅमेरा तिथेही सौंदर्य काढतो आणि दुःखालाच उपभोगाची वस्तू करून टाकतो, हा त्याचा आरोप. तो मुंबईला लावून पाहा. मिठी नदीच्या काळ्या पाण्यावर उन्हाची तिरीप पडते, फोटोत ते पाणी रेशमासारखं दिसतं. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. ज्या शहरात पाण्याने माणसं नेली, तिथे पाण्याची नक्षी टिपत बसणं हा अपराध आहे, असं कुणी म्हटलं तर त्याला हसून उडवून लावता येत नाही. दुसरा आक्षेप कारागिरीचा : पाणी आपणच चित्र काढतं, फोटोवाला फक्त बटण दाबतो. तिसरा आक्षेप भारतीयत्वाचा. छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी ‘रिव्हर ऑफ कलर’ या 1998 सालच्या पुस्तकात मांडलेली भूमिका अशी, की भारतीय दृष्टी रंगांत आणि जीवनाच्या गजबजाटात रमते. पश्चिमेच्या आधुनिक कलेतलं एकाकीपण तिला परकं आहे. या भूमिकेत माणूस नसलेल्या, वस्तू नसलेल्या चित्राला फारशी जागा उरत नाही.

उत्तराची सुरुवात ‘वास्तव’ या कल्पनेपासूनच करावी लागते. समुद्राचा जो फोटो आपल्याला अगदी खराखुरा वाटतो, त्याच्या इतिहासाच्या आरंभी गुस्ताव ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार उभा आहे. 1856-57च्या सुमारास त्याने काढलेली समुद्रचित्रं पाहून लोक थक्क झाले. लाटा आणि ढग दोन्ही इतके स्पष्ट त्यांनी आधी पाहिलेच नव्हते. त्या काळचं कलोडियन हे निगेटिव्हवरचं रसायन निळ्या रंगाला फार संवेदनशील असे. समुद्र नीट उतरला की आकाश पांढरं फट्ट पडे. म्हणून ल ग्रेने यातल्या कित्येक चित्रांत समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी निगेटिव्ह जोडून एक प्रिंट काढली. क्षितिज, ढग, लाट, सगळं जिथल्या तिथे, आणि तो क्षण कधी घडलाच नव्हता.

याच्या उलट उदाहरण आर्थर वर्दिंग्टन या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाचं. थेंब पडल्यावर उडणाऱ्या शिंतोड्यांचा अभ्यास त्याने 1870च्या दशकात सुरू केला. अंधारात क्षणभर ठिणगी पाडायची, डोळ्यांनी दिसेल ते हाताने काढायचं, ही त्याची पद्धत. त्याच्या चित्रांतला प्रत्येक शिंतोडा मुकुटासारखा रेखीव, सममित होता. 1894 साली ठिणगीच्या प्रकाशात थेट फोटो काढता येऊ लागले, तेव्हा लक्षात आलं की खरे शिंतोडे वाकडेतिकडे असतात, एकासारखा दुसरा नसतो. इतकी वर्षं आपण मनातला आदर्श थेंब काढत होतो, हे त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं. डोळ्याला ओळखीचं वाटणारं पाणी हेच मनाने रचलेलं निघालं आणि अनोळखी, वेडंवाकडं दिसणारं खरं ठरलं. सेकंदाच्या हजाराव्या भागात गोठलेली लाट काय किंवा तीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये धुक्यासारखी झालेली लाट काय, दोन्ही आपण कधी डोळ्यांनी पाहत नाही. त्यांतली एक ‘वास्तव’ आणि दुसरी ‘अमूर्त’, ही वाटणी सवयीने केलेली आहे.

पाण्याचा पृष्ठभाग काही सांगतो का, याचं उत्तर मासेमारी करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. वारा कुठे फिरला, खाली खडक कुठे आहे, प्रवाह कुठे वळतो, हे तो पाण्याच्या सुरकुत्यांवरून ओळखतो. विज्ञानानेही हेच केलं आहे. 1951 साली चार्ल्स कॉक्स आणि वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञांनी हवाई बेटांजवळ विमानातून समुद्रावरच्या सूर्याच्या चकाकीचे फोटो काढले. त्यांत बघण्यासारखी वस्तू एकही नव्हती, नुसता उजेडाचा विखुरलेला पट्टा. कुठल्या जागी चकाकी किती उजळ, यावरून त्यांनी लाटांच्या उतारांचं गणित मांडलं आणि वारा वाढतो तसा पृष्ठभागाचा खडबडीतपणा कसा वाढतो, ते 1954च्या निबंधात दाखवलं. उपग्रहावरून समुद्र वाचणारे आजही त्या गणिताचा आधार घेतात. एखाद्या कलाप्रदर्शनात तेच फोटो लागले असते, तर त्यांनाही ‘दिवाणखान्यात शोभेल’ अशीच दाद मिळाली असती.

आता बेंजामिनच्या आरोपाकडे वळतो, कारण खरा वाद तिथे आहे. बंदरातल्या पाण्यावर तेलाचा तवंग पसरतो आणि त्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग उमटतात. त्याचा फोटो काढणाऱ्यावर प्रदूषण सुंदर केल्याचा ठपका ठेवला जातो. पण हे रंग येतात कुठून? तवंगाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. काही रंग उठाव घेतात, काही मावळतात. कुठला रंग दिसणार, हे तवंगाची जाडी आणि बघण्याचा कोन ठरवतात. उत्तर समुद्राभोवतीच्या देशांच्या बॉन करारात तवंगाच्या रूपावरून तेलाचा अंदाज बांधण्याची ठरीव पद्धत आहे. नुसती रुपेरी झाक दिसली तर थर फार पातळ. इंद्रधनुषी रंग दिसले तर जाडी 0.3 ते 5 मायक्रॉन, म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे 300 ते 5,000 लिटर तेल. विमानातले निरीक्षक हे रंग बघून आकडा लिहितात. ज्या रंगांना आपण सजावट म्हणून नाक मुरडतो, ते रंग त्या तेलाचं मोजमाप आहेत. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ या जहाजांची टक्कर झाली. कलंडलेल्या जहाजाचे, पाण्यात कोसळलेल्या कंटेनरांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. अपघात झाला, एवढं त्यांनी सांगितलं. समुद्रात सांडलेलं तेल कुठवर गेलं, कांदळवनात कुठे शिरलं, हे जहाजाच्या फोटोतून कळणार नव्हतं. ते पाण्याच्या पृष्ठभागावरच लिहिलेलं होतं.

खुद्द बेंजामिनने 1931 साली, नाटककार ब्रेख्तचा हवाला देऊन, याच्या जवळचा मुद्दा मांडला होता : कारखान्याचा हुबेहूब फोटो त्या कारखान्यात काय चालतं याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. आणि 1934च्या ज्या निबंधाचा दाखला आपल्याकडे दिला जातो, त्याचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. छायाचित्रकाराने आपल्या चित्राखाली असा मजकूर लिहावा की चित्र फॅशनच्या तावडीतून सुटेल, असा उपाय बेंजामिनने तिथेच सुचवला आहे. चित्रातल्या वस्तू ओळखू याव्यात, ही अट त्याने घातलेली नाही.

दोन नद्यांची उदाहरणं यासाठी शेजारी ठेवावीत. दोन्ही कामं 1999 सालची आहेत. छायाचित्रकार आंद्रेआस गुर्स्कीच्या ‘ऱ्हाइन 2’मध्ये गवत, पाणी आणि आकाश यांचे सरळ आडवे पट्टे दिसतात. हे शांत चित्र 2011 साली 43 लाख डॉलरना विकलं गेलं. पलीकडच्या काठावर एक वीजकेंद्र होतं, ते गुर्स्कीने संगणकावर पुसून टाकलं. फिरायला आलेली माणसंही पुसली. कलावंत रोनी हॉर्नच्या ‘स्टिल वॉटर (द रिव्हर टेम्स, फॉर एक्झाम्पल)’ या मालिकेत पंधरा चित्रं आहेत. प्रत्येकात लंडनमधल्या टेम्सचा फक्त पृष्ठभाग, कुठे काळपट, कुठे हिरवट, कुठे मातकट. नीट पाहिलं की पाण्यावर बारीक आकडे दिसतात आणि चित्राखाली त्या आकड्यांच्या तळटीपा. त्यांत नदीतले मृत्यू आहेत, घाण आहे, पाण्याविषयीचे प्रश्न आहेत. काठ, आकाश, क्षितिज ज्यात आहे ते गुर्स्कीचं चित्र नदीविषयी खोटं सांगतं. ज्यात पाण्याखेरीज काहीच नाही ते हॉर्नचं चित्र लंडनच्या पोटात नेतं. पूर्वपक्षाचा आरोप गुर्स्कीला लागू होतो, हे मी मान्य करतो. तो लागू होतो ते पुसण्यामुळे. चौकटीमुळे नव्हे; चौकट कुठेतरी थांबते, हा प्रत्येकच फोटोचा धर्म आहे.

कारागिरीच्या आक्षेपाला फार वेळ देण्याची गरज नाही. पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर पृष्ठभाग प्रकाशाचा जेमतेम दोन टक्के भाग परत फेकतो, नजर पाण्याला समांतर होत गेली की जवळजवळ सगळा. वाळकेश्वरच्या बाणगंगेवर शेवटच्या पायरीवर बसलात तर समोरच्या इमारती तळ्यात डोलताना दिसतात. उभे राहून पायाशी बघितलंत तर पाण्याची हिरवट खोली दिसते. उभ्या रेषेपासून साधारण 53 अंशांच्या कोनातून पाहताना लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर फिरवून प्रतिबिंब जवळपास नाहीसं करता येतं. शहर ठेवायचं की तळ, ही निवड फोटो काढणाऱ्याची असते. ती पाणी करत नाही.

परकेपणाच्या आक्षेपाला उत्तर अलिबागजवळच्या किहीमच्या किनाऱ्यावर आहे. चित्रकार नसरीन मोहमदी (1937-1990) कराचीत जन्मल्या, मुंबईत वाढल्या, 1972पासून बडोद्याला शिकवत होत्या आणि किहीमलाच वारल्या. त्यांनी काढलेले कृष्णधवल फोटो हयातीत प्रदर्शनात मांडले गेले नाहीत. नंतर ते जगभर पाहिले गेले. वाळू, पाणी, किनाऱ्याची रेघ, सावल्या, एवढाच त्यांचा ऐवज. कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीचं पाणी परतताना बसाल्टमधून आलेले जड काळे कण हलक्या वाळूपासून वेगळे होतात आणि ओल्या वाळूवर काळ्या रेषा उमटतात. त्या रेषा बघणाऱ्या डोळ्याला पश्चिमेचं एकाकीपण उसनं आणावं लागत नाही. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या कॅनव्हासला आपण ‘यात शहर कुठे आहे’ असं विचारत नाही. कॅमेऱ्यालाच तो प्रश्न का?

नसरीन यांचं उदाहरण माझ्या युक्तिवादाला एका ठिकाणी अडचणीचं आहे, ते लपवत नाही. त्यांच्या फोटोंना शीर्षक नाही, बहुतेकांवर नेमकी तारीख नाही. ते त्यांनी लोकांसमोर मांडण्यासाठी ठेवले नव्हते, म्हणून त्यांना तो दोष देता येणार नाही. तरी कोणता फोटो कोणत्या किनाऱ्याचा, कोणत्या ऋतूतला, हे कळतं तर ते आणखी खोल वाचता आले असते, असं मला वाटत राहतं.

म्हणून पाण्याचे अमूर्त फोटो काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘स्वप्नतरंग’, ‘लहरी’, ‘जलरंग’ अशी नावं देणं सोडा. फोटोखाली जागा लिहा, तारीख लिहा आणि किनारा किंवा खाडी असेल तर भरती होती की ओहोटी, तेही लिहा. माहीमच्या खाडीत भरतीला समुद्र आत शिरतो आणि ओहोटीला मिठीचं सांडपाणी बाहेर पडतं. जागा तीच, पाणी दोन. परीक्षकांनीही काठ आणि होडी शोधण्याऐवजी ही माहिती मागावी, आणि ती नसेल तर फोटो कितीही देखणा असला तरी परत करावा.