जाताना विचारणारं गाणं

15 ऑगस्टला पेठेतल्या मंडळाचा स्पीकर सकाळी सकाळी कुठलं गाणं लावतो हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. 'ऐ मेरे वतन के लोगों'. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल आपल्या सी. रामचंद्र यांची, आवाज लतादीदींचा. 27 जानेवारी 1963 ला दिल्लीत नेहरूंसमोर ते म्हटलं गेलं, तेव्हा चीनची लढाई थांबून जेमतेम दोन महिने झाले होते. त्यानंतर बँडवाल्यांपासून शाळेच्या समूहगीतापर्यंत सगळ्यांनी ते वाजवलं, गायलं. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्या तीनेक वर्षं आधी आलेलं दुसरं एक गाणं आपण कुठं ठेवलं, हा माझा प्रश्न आहे.

ते गाणं म्हणजे 'जानेवाले सिपाही से पूछो'. सिनेमा 'उसने कहा था', साल 1960. बिमल रॉय यांची निर्मिती, चंद्रधर शर्मा गुलेरी यांच्या 1915 च्या कथेवर बेतलेला. नायक सुनील दत्त आणि नायिका नंदा, म्हणजे आपल्या मास्टर विनायकांची लेक. संगीत सलील चौधरींचं. मन्ना डे, सबिता बॅनर्जी आणि मागं कोरस.

पण हे गाणं मुळात सिनेमासाठी लिहिलेलंच नव्हतं. ती हैदराबादच्या मखदूम मोहिउद्दीन यांची दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली कविता. नाव 'सिपाही'. मखदूम कम्युनिस्ट, कामगारांच्या संघटना बांधणारा, पुढं तेलंगणाच्या लढ्यात उतरलेला माणूस. 1939 ला व्हॉइसरॉयनं एकाही भारतीय पुढाऱ्याला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर करून टाकलं. युद्ध संपेपर्यंत फौज सुमारे 25 लाखांवर गेली. आपल्या मराठा पलटणी आफ्रिकेत केरेनच्या डोंगरात लढल्या, इटलीत लढल्या. यातले बरेच जण शेतकऱ्यांची पोरं होती. घरी दरमहा पैसे यावेत म्हणून भरती झालेली. मखदूम त्या पोराला शिव्या घालत नाही, भित्राही म्हणत नाही. तू कुठं चाललास, एवढंच विचारायला लावतो, आणि मागं राहिलेली बाई आणि भुकेली पोरं दाखवतो.

दोन गाण्यांत फरक इथंच आहे. एक गाणं जवान गेल्यावर रडतं. दुसरं तो निघालेला असतानाच विचारतं. गेल्यावर रडणं सरकारला परवडतं, समाजालाही परवडतं. निघताना विचारणं अवघड जातं, कारण त्याचं उत्तर जवानानं द्यायचं नसतं, पाठवणाऱ्यानं द्यायचं असतं.

जगात अशा गाण्यांचं नशीब वेगळंही निघालंय. अमेरिकेच्या पीट सीगरनं 1955 ला 'व्हेअर हॅव ऑल द फ्लॉवर्स गॉन' लिहायला घेतलं. मूळ प्रेरणा शोलोखोव्हच्या रशियन कादंबरीतल्या एका कोसॅक लोकगीताची. किंग्स्टन ट्रिओनं ते गायलं, पीटर, पॉल अँड मेरीनं गायलं, मार्लेन डीट्रिशनं जर्मनमध्ये गायलं. व्हिएतनामच्या काळात ते घराघरात पोचलं. आपलं 'सिपाही' मात्र चळवळीच्या गायनपथकांकडं राहिलं. आता यूट्यूबवर तरुण पोरं ते गिटारवर म्हणतात, तिथं शब्द जास्त स्पष्ट ऐकू येतात. पण मंडळाच्या स्पीकरवर ते आलं नाही ते नाहीच.

हे आज लिहायचं कारण? मे 2025 चे ते चार दिवस आठवा. आमच्याच धंद्यातल्या काही चॅनेलांनी स्टुडिओत बसून कराची बंदर उडवून टाकलं होतं. बातमी खोटी निघाली. व्हॉट्सॲपवर "आता थांबायचं नाय" म्हणणारे ढिगानं होते, आणि त्यातल्या बहुतेकांच्या घरचं कुणी सीमेवर नव्हतं. त्याच वेळी शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावात, जिथं पहिल्या महायुद्धापासून पिढ्यान्‌पिढ्या पोरं फौजेत जातात, गडहिंग्लज-चंदगडकडच्या घरांत, लोकांचं लक्ष फोनकडं होतं. पोराचा फोन लागतोय का एवढंच. त्या घरांना देशभक्ती शिकवायची कुणाची लायकी नाही. पण "युद्ध कशासाठी, किती दिवस, किती पोरं" हे विचारलं की त्यांच्या नावानं आपल्यालाच देशद्रोही ठरवलं जातं. मखदूमचं गाणं तो प्रश्न त्या घरांच्या बाजूनं विचारतं, म्हणून ते मला जवळचं वाटतं.

हल्ला झाला तर लढावं लागतं, हे मलाही कळतं. पण लढायला पाठवायच्या आधी विचारायचा हक्क सोडून द्यावा, असं त्यातनं निघत नाही.

मंडळाच्या पोरांना एक विनंती. या 15 ऑगस्टला 'ऐ मेरे वतन' लावाच. त्याआधी एकदा हे दुसरं गाणंही लावा. आणि गल्लीत कुणी रिटायर्ड फौजी काका असतील तर त्यांना खुर्ची देऊन शेजारी बसवा. गाणं संपल्यावर ते काय म्हणतात ते ऐका, आणि जमलं तर इथं लिहा.