ल्युपसवरील पोटात घ्यावयाच्या औषधांच्या चाचण्या

शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच ऊतकांवर उलटल्याने सर्वदैहिक ल्युपस हा विकार होतो. त्वचा, सांधे, वृक्के (मूत्रपिंडे) इ. अवयवांना त्याची बाधा होते व प्रौढ वयातील स्त्रियांत तो विशेष आढळतो. रोग आपोआप बळावतो व आपोआप ओसरतो; त्यामुळे उतार पडला तो औषधाने की रोगाच्या स्वभावाने, हे ठरविणे अवघड असते. या औषधांच्या इतिहासातील बहुतेक घोळ यातूनच उद्‌भवला आहे.

लंडनमधील वैद्य जे. एफ्. पेन यांनी १८९४ मध्ये या रोगाच्या त्वचेवरील प्रकारात क्विनीन दिल्याची नोंद केली. १९५१ मध्ये फ्रान्सिस पेज यांनी मेपॅक्रीन हे दुसरे हिवतापविरोधी औषध १८ रुग्णांना दिले व बहुतेकांना गुण आला; मात्र या औषधाने कातडी पिवळी पडते. १९५५ मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनला अमेरिकेत मान्यता मिळाली. औषधाची परिणामकारकता सिद्ध करण्याची सक्ती तेथे १९६२ च्या कायद्याने आली, म्हणजे हे औषध त्या कसोटीपूर्वीच वापरात आले होते. दीर्घकाळ घेतल्यास ते डोळ्याच्या जालपटलास इजा करू शकते. म्हणून ते चालू ठेवावे की थांबवावे, हा प्रश्न रुग्णाच्या दृष्टीने केवळ शास्त्रीय नव्हता.

कॅनडातील संशोधकांनी या प्रश्नाला उलट्या बाजूने हात घातला. औषध नव्याने सुरू न करता, ते घेऊन स्थिर असलेल्या ४७ रुग्णांची त्यांनी यदृच्छेने विभागणी केली. २५ जणांचे औषध चालू ठेवले व २२ जणांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिल्या. कोणाला काय मिळते, हे रुग्णांना वा तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हते. २४ आठवड्यांत निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांपैकी १६ जणांचा, तर औषध घेणाऱ्यांपैकी ९ जणांचा रोग उफाळला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांतील रुग्णसंख्या तुटपुंजी होती, तरी आधीच्या अनुभवकथनांपेक्षा तिचे वजन अधिक मानावे लागते.

पुढील औषधांची वाट सोपी झाली नाही. बॅरिसिटिनिबच्या २०१८ मधील प्राथमिक चाचणीने आशा वाढविली होती. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांपैकी एकीत ५७ टक्के विरुद्ध ४६ टक्के असा लाभ दिसला, तर दुसरीत तो जवळजवळ नाहीसाच झाला. तुलनेच्या गटालाही नेहमीचे उपचार मिळत असल्याने त्याची सुधारणाही बरीच होते आणि फरक पुसट होतो. वृक्कविकारापुरते मात्र व्होक्लोस्पोरीन यशस्वी ठरले व २०२१ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली.